झाडाभोवतीचा अर्धा फेरा

ये, बस इथं शेगडीजवळ, जावईबापू. कात्रीकडे बघून घाबरू नकोस. ही बघ, ठेवली टेबलावर. जबरदस्ती नाही. आजवर आमच्या या शिकारीच्या खोपटाच्या भिंतीवर जबरदस्तीनं कापलेलं शर्टाचं एकही शेपूट लागलेलं नाही, आणि तुझ्यापासनं सुरुवात करायची मला हौस नाही. तू फक्त एक गोष्ट ऐक. चांगली आहे, हसशील. ऐकून झाल्यावरही तुला वाटलं की हा नवाकोरा शर्ट अख्खा घरी न्यायचा, तर ने बापडा. तुझ्या बायकोला मी सांगेन, नवरा तुझा फार टापटिपीचा आहे बाई.

सकाळी तुझा बाण हुकला, तेव्हापासनं तू असा सुतकात असल्यासारखा बसलायस. जेवलाही नाहीस धड. राजमा घालून हरणाच्या मटणाची एवढी झकास चिली केली होती, ती नुसती चिवडलीस. आणि कापायची गोष्ट काढली की म्हणतोस, बाण हुकला की शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला लावायचं, ही काय पोरकट पद्धत. ठीक. पोरकट तर पोरकट.

गोष्ट तुझ्या सासऱ्याचीच आहे. तो तिकडे भांडी विसळतोय, म्हणजे विसळल्यासारखं करतोय. कान इकडेच आहेत त्याचे. डेलमार! अरे पाणी वाया चाललंय, बंद कर ते! बघ, म्हणलं नव्हतं?

तुझी सासू, लोरीन, तू पाहिली नाहीस. ती गेली आणि हा माणूस माणसातनं उठला. सकाळी उठायचा, खुर्चीत बसायचा, टीव्ही लावायचा आणि आवाज बंद ठेवायचा. नुसती हलती चित्रं बघायचा. माझी बायको व्हर्ना त्याची थोरली बहीण. ती रोज डबा घेऊन जायची आणि परत आली की मला म्हणायची, "गार्थ, माझा भाऊ भिंतीसारखा झालाय रे."

त्याला त्या खुर्चीतनं उठवलं ते धनुष्यबाणाच्या शिकारीनं. ऑक्टोबर लागला, मेपलची पानं लाल झाली, आणि एक दिवस मी जाऊन त्याच्या दारात हॉर्न वाजवला. आला. पुढच्या वेळी दाढी करून आला. त्याच्या पुढच्या वेळी मला शिव्या दिल्या, उशीर झाला म्हणून. व्हर्नाला सांगितलं, तर ती रडलीच. म्हणाली, "शिव्या दिल्या? खरंच?"

पण त्याच हंगामात एक वाईट झालं. एका मादीला त्याचा बाण लागला, पण लागायला नको तिथं. पोटात. काळजात किंवा फुप्फुसात लागला तर जनावर तिथल्या तिथं संपतं, त्याला कळतही नाही. पोटात लागलेलं जनावर जातं, कुठंतरी झुडपात जाऊन बसतं आणि... जाऊ दे. आम्ही सगळ्यांनी शोधलं. शेवटी कावळ्यांनी जागा दाखवली, ओढ्याच्या काठी. कोयोटी कोल्ह्यांनी आमच्यासाठी फारसं काही ठेवलं नव्हतं. डेलमारनं टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. घरी जेवताना व्हर्नासमोर एवढंच म्हणाला, "परत एक जनावर असं कण्हत सोडलं, तर धनुष्य खिळ्याला टांगीन. मग मला बोलवायला कुणी येऊ नका."

हा माणूस बोलतो कमी आणि बोललेलं मोडत नाही, हे तुला एव्हाना कळलं असेल. व्हर्ना मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यानं धनुष्य टांगलं की तो परत त्या खुर्चीत जाणार. आणि या खेपेला उठायचा नाही. त्याच्यावर लक्ष ठेव." म्हणलं, ठेवतो. कसं ठेवायचं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बायको काही सांगते तेव्हा हो म्हणायचं असतं, हे मात्र तू आत्तापासनं लक्षात ठेव.

पुढच्या उन्हाळ्यात तिनंच त्याला शिकारीसाठी झाडावर लटकून बसायचं ते खोगीर घ्यायला लावलं. ते बघ, दाराशी लटकतंय. "झाडावर जायचंच आहे तर निदान बांधलेला तरी राहशील," म्हणाली.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोट धरून हसलो. म्हणलं, "डेलमार, घोड्याला खोगीर घालतात हे ऐकून होतो. माणसानं स्वतःच्याच ढुंगणाला खोगीर घालून झाडाला लोंबकळायचं, हे कुठलं शास्त्र? हा तर लंगोट आहे!"

तर हा काय म्हणाला माहितीय? "दाजी, तुमची ती शिडीची खुर्ची जन्मभर एकाच ओकला टेकलीय. हरणांना तिचा पत्ता पाठ आहे. पिल्लांना आणून दाखवत असतील, हे बघा, इथं गार्थ बसतो, इथनं बिनघोर जायचं, तो झोपलेला असतो."

बोलतो कमी, पण बोलला की असं.

मग सगळा ऑगस्ट त्यानं अंगणातल्या मेपलवर सराव केला. जमिनीपासनं गुडघाभर उंचीवर. पायाखाली परातीएवढी फळी, ढुंगणाखाली ते खोगीर, आणि खोगिरापासनं एक जाड दोर खोडाला. तोंड झाडाकडे, पाठ हवेत, असं रेलून राहायचं. गंमत अशी, की खोड कायम आपल्या आणि हरणाच्या मधे ठेवायचं. हरीण डावीकडनं आलं की आपण सरकायचं उजवीकडे. ते फिरलं की आपणही फिरायचं. आधी दोर थोडा सरकवायचा, मग एक पाय फळीच्या कडेला, मग दुसरा. फळी संपली की खोडाला पट्ट्यानं आवळलेल्या छोट्या पायऱ्या असतात, त्यांच्यावर पाय टाकत पलीकडे. खुंटाला बांधलेल्या शेळीसारखं गोल गोल. आणि हे सगळं पान न वाजवता.

शेजारच्या बाईनं व्हर्नाला फोन केला. "वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझा भाऊ झाडाला मिठी मारून सकाळपासनं प्रदक्षिणा घालतोय. सगळं ठीक आहे ना?"

व्हर्ना म्हणाली, "घालू दे. खुर्चीत नाही ना बसला?"

तर असा नोव्हेंबर उजाडला. नर बेभान होऊन माद्यांच्या मागं लागतात ते दिवस. दहिवर असं गोठलेलं, की पावलाखाली गवत काचेसारखं मोडत होतं. डेलमार अंधारातच या डोंगराच्या मागच्या उतारावर एका चेरीच्या झाडावर चढला होता. झाड त्याला नवखं, त्या हंगामात पहिल्यांदाच निवडलेलं. मी माझ्या शिडीवर थोडा वेळ बसलो, थोडा वेळ झोपलो, हो, झोपलो, आणि मग थंडीनं कंटाळून इथं परत येऊन बकव्हीटच्या पिठाची धिरडी घालायला घेतली. मेपलचा पाक गरम करायला ठेवलेला.

दार उघडलं. डेलमार. तोंड पिठासारखं पांढरं.

"दाजी, लागला," म्हणाला. "पोटात लागला."

मी उलथनं खाली ठेवलं. "बस आधी. काय झालं नीट सांग."

"मोठा नर होता. खालनं, त्या पांढऱ्या बर्चच्या झाडाजवळनं आला. मी धनुष्य ताणलं, तर मधे फांदी. तो चढाला लागून वळसा घ्यायला लागला, म्हणून मीही झाडाभोवती सरकत गेलो. सरकत गेलो, सरकत गेलो, मग तो थांबला. बर्चच्या शेजारी. आडवा. मी सोडला बाण."

"मग?"

"टॉक् असा आवाज आला. त्यानं पाठीची कमान केली, दाजी. अशी. आणि पळाला."

पाठीची कमान म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. पोटात कळ आली की माणूस वाकतो, तसंच.

"बाण सापडला?"

"बर्चच्या आसपास सगळीकडे पाहिलं. बाण नाही. रक्ताचा थेंब नाही. बाण आतच राहिला असणार."

पोटात लागलेल्या जनावराच्या मागं लगेच जायचं नसतं. गेलं की ते उठतं आणि डोंगर ओलांडतं, मग देवालाही सापडत नाही. बसू द्यायचं. म्हणजे आपणही बसायचं. त्या बसण्याइतकं वाईट दुसरं काही नाही बघ. मी धिरडं पुढं केलं, ते गार झालं. दुसरं केलं, तेही गार झालं. मग तो उठला, धनुष्य घेतलं आणि तिथं, त्या दाराशेजारच्या खिळ्याला टांगलं. हळूच टांगलं, लहान पोराला झोपवतात तसं. आणि याच खुर्चीत येऊन बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघायला लागला. इथं टीव्ही नाही म्हणून बरं.

मला व्हर्नाचा चेहरा दिसायला लागला. घरी जाऊन तिला काय सांगू? लक्ष ठेव म्हणाली होती, आणि मी धिरडी घालत होतो.

शेवटी मी आयडाला फोन लावला. आयडा म्हणजे ती, शाळेची बस चालवायची जन्मभर, आता निवृत्त. तिच्याकडे बटन नावाचं एक बुटकं, दाढीवालं कुत्रं आहे, पोट जमिनीला लागतं एवढं बुटकं. आमच्या या भागात जखमी हरीण सापडेना की आयडाला बोलवतात. बटन मोहरीएवढ्या थेंबाच्या वासावर डोंगर पालथा घालतं. दुपार कलल्यावर ती आली, नारिंगी टोपी घालून, आणि गाडीतनं उतरायच्या आधीच ओरडली, "कोण मेलंय? तोंडं अशी का?"

"अजून कुणी मेलं नाही, तेच तर झालंय," मी म्हणलं.

गेलो तिघं आणि बटन. डेलमारनं तिला चेरीच्या झाडाखाली नेलं, मग खाली, बर्चपाशी. पांढराधोप, थोडा वाकलेला बर्च. "इथं होता," म्हणाला.

बटननं हुंगलं. इकडं गेलं, तिकडं गेलं. एका बिळात नाक घातलं. मग परत येऊन आयडाच्या बुटावर बसलं आणि जांभई दिली.

"इथं काही नाही," आयडा म्हणाली.

"त्याला सर्दी झाली असेल," डेलमार.

"त्याला काही झालेलं नाही. तुला काय झालंय ते बघू. बाण सोडलास तेव्हा कुठं होतास?"

"झाडावर."

"झाडावर म्हणजे कुठल्या बाजूला? तुमची ही नवी थेरं, झाडाभोवती घिरट्या घालायची. माझा नवरा एका जागी बसायचा. तिथंच बसायचा, तिथंच घोरायचा."

"याच बाजूला होतो. डोळे उघडले तेव्हा समोर हाच बर्च होता."

आयडानं मान वाकडी केली. "डोळे उघडले तेव्हा? मिटले कधी होतेस?"

डेलमार खाली बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "त्यानं कमान केली ना, तेव्हा माझ्या पायातलं बळच गेलं. मी कपाळ खोडाला टेकलं आणि तसाच लटकून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. देवाला म्हणत होतो, परत नको."

आयडानं चेरीचं झाड बुंध्यापासनं शेंड्यापर्यंत न्याहाळलं.

मग आयडा म्हणाली, "वर जा. सकाळी जे केलंस ते पहिल्यापासनं परत कर. मी इथनं बघते."

"मी नाही जाणार. त्या झाडावर मी परत पाय ठेवणार नाही." आणि त्याचा आवाज असा होता, की त्यावर काही बोलण्यात अर्थ नव्हता. खोगीर त्यानं सकाळीच काढून झाडाखाली टाकलं होतं. दोर, फळी, चढायच्या पायऱ्या, सगळं झाडावर तसंच.

तर आयडानं माझ्याकडे बघितलं. डेलमारनं माझ्याकडे बघितलं. बटननंही.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हणलं. "आधी माझं पोट बघा, मग ते खोगीर बघा."

"पट्टा वाढतो त्याचा," आयडा म्हणाली.

"एवढा?"

"प्रयत्न करू."

जावईबापू, त्या दिवशी देवानं मला जी शिक्षा दिली ना, ती त्या लंगोटाच्या विनोदाची. दोघांनी मिळून मला त्यात कोंबलं. एकानं पुढनं ओढलं, एकानं मागनं. आयडा म्हणते, "श्वास आत घे." म्हणलं, "सकाळपासनं आतच आहे!" मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, चढताना बांधायचा कंबरेचा दोर खोडाभोवती टाकला, आणि कडी अडकवायला गेलो तेवढ्यात खालनं डेलमार म्हणाला, "दाजी, कडी उलटी लावताय."

मी सुलटी लावली.

"आता ओढून बघा. जोरात. तिच्यावर भार टाका. अहो, भार टाका, तुमच्याकडे काय कमी आहे?"

आयडानं माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. सकाळपासनं भिंतीकडे बघत बसलेला माणूस चिडला होता. मला त्या दोरापेक्षा त्याचाच आधार वाटला.

चढलो. कसा ते विचारू नकोस. फळीवर उभा राहिलो, वरच्या दोराला खोगीर अडकवलं, रेललो. समोर खोड. खाली उताराला तो बर्च, आणि त्याच्याखाली जाऊन उभी राहिलेली आयडा. सगळं झाड माझ्याबरोबर थरथरत होतं, का मीच थरथरत होतो कोण जाणे. ते झाड थोडं कललेलं आहे, चढाच्या बाजूला. खालनं तेवढं कळत नाही, वर गेलं की पोटात कळतं.

"आता उजवीकडे सरका," डेलमार ओरडला. "आधी दोर, मग पाय. पाय नाही हो आधी! दोर! तुम्ही नाचताय का?"

"तूच ये ना मग वर!"

"दोर सरकवा!"

दोर सरकवला. एक पाय फळीच्या कडेला. दुसरा. मग त्या छोट्या पायऱ्या, त्यांच्यावर माझा बूट अर्धाच मावत होता. गाल सालीला घासत, पोट खोडाला घासत, शिव्या घालत मी वळसा घेतला. पलीकडं, उताराच्या बाजूला पोचलो आणि खोडाआडनं वर चढाकडं पाहिलं. समोर हेमलॉकच्या झाडांची गर्दी, आणि त्या गर्दीच्या पलीकडं, फटीतनं, पांढराधोप, थोडा वाकलेला बर्च.

मला वाटलं, मी पूर्ण फेरा मारून परत पहिल्याच जागी आलो. म्हातारपणी दिशा जातात म्हणतात.

तेवढ्यात माझ्या पिंढरीत गोळा आला. असा आला की डोळ्यापुढं काजवे. मी डोळे घट्ट मिटले, कपाळ खोडाला टेकलं, पाय सैल सोडले आणि म्हणलं, आता जे व्हायचं ते होवो. आणि काय झालं माहितीय? दोरानं मला उचललं. खरंच सांगतो. पाळण्याला कुणी हळूच झोका द्यावा तसा मी खोडाला घासत, हळूहळू, बाजूला सरकत गेलो आणि कुठंतरी येऊन थांबलो. गोळा उतरला. डोळे उघडले.

समोर बर्च. पांढराधोप, वाकलेला. आणि बर्चखाली आयडा उभी, टोपी कपाळावरनं मागं सारत माझ्याकडं बघतेय.

मघाशी फटीतनं दिसलेल्या बर्चखाली कुणी नव्हतं.

मग जे ओरडलो, ते म्हणे डोंगराच्या पलीकडं ऐकू गेलं. "डेलमार! अरे गाढवा, इथं दोन बर्च आहेत! एक खाली आहे आणि एक वर, त्या हेमलॉकच्या मागं! हे झाड कललेलं आहे. अंग सोडलं की दोर माणसाला परत पहिल्या जागी आणून ठेवतो! तू वरच्या बर्चकडं बाण मारलास आणि डोळे उघडलेस ते खालच्या बर्चसमोर!"

खाली डेलमार पुतळ्यासारखा. मला त्याचा चेहरा वरनं दिसत होता. पटतंय, पण पटून घ्यायची भीती वाटतेय, असा. तो म्हणाला, "फिरलो ते आठवतंय. किती फिरलो ते नाही आठवत."

आणि पळत सुटला. चढावर. साठी उलटलेला माणूस, गुडघे गेलेले. त्याच्या मागं बटन, बटनच्या मागं आयडा. आणि मी? मला सगळे विसरले! झाडाला टांगलेला मी! पण मला बघायचं होतं. या खेपेला दोर, पाय, दोर, पाय, असा मी परत पलीकडं गेलो, आणि खरं सांगतो, कसा गेलो ते मला कळलंही नाही. कुतूहलानं माणसाचं वजन कमी होतं.

वरनं सगळं दिसत होतं. वरच्या बर्चशेजारी एक कुजलेला ओंडका आडवा. त्या ओंडक्यात बाण. नारिंगी पिसं उन्हात अशी चमकत होती, की मलाच तिथनं दिसली.

डेलमार बाणापासनं दोन हातांवर थांबला. हात लावेना. पोटातनं गेलेल्या बाणाला घाण वास असतो, चिकट हिरवट काहीतरी लागलेलं असतं. ते त्याला बघायचं नव्हतं. आयडानं वाकून बाण ओढून काढला. नाकाला लावला. खिशातनं पांढरा रुमाल काढला आणि बाणावरनं टोकापासनं पिसांपर्यंत ओढला. मग तो रुमाल डेलमारच्या नाकासमोर धरला.

"लाकडाचा भुगा," म्हणाली. "बाकी काही नाही. टॉक् आवाज आला म्हणालास ना? हा ओंडका वाजला. बाण पोटाखालनं गेला, ते जनावर दचकलं आणि कमान करून उडालं. तुझ्या खालनं असं काही सण्णकन गेलं तर तूही करशील."

बटननं बाण हुंगला. शिंकलं. आणि ओंडक्यापाशी जाऊन एक पाय वर केला. निकाल लागला.

तरी आयडा पक्की बाई. म्हणाली, खात्री करू. ती आणि बटन माग काढत दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा हसत होती. "तुझा नर पुढच्या ओकखाली उभा राहून फळं खाऊन गेलाय. पाला उकरलाय, ताज्या लेंड्या टाकल्यात. पोटाची तक्रार काही दिसत नाही."

डेलमार जिथं होता तिथंच पाल्यात बसला. मला वाटलं रडतोय. खांदे हलत होते. मग आवाज आला तेव्हा कळलं की हसतोय. म्हणजे दोन्ही चाललं होतं, कुठलं आधी आणि कुठलं नंतर ते मला वरनं नीट दिसलं नाही, आणि माझेही डोळे... थंडी होती फार. वारं होतं.

मी हाक मारली, "अरे, मला कुणी उतरवणार का? का उद्या येताय?"

तो उठला. झाडाखाली आला, तोंड वर केलं. दोन दिवसांची तहान लागलेल्या माणसाला पाणी मिळावं तसा चेहरा. मला वाटलं, आता आभार मानेल, काहीतरी चांगलं बोलेल.

म्हणाला, "दाजी, भूक लागलीय. धिरडी राहिलीत का?"

मी म्हणलं, "राहिलीत. गार आहेत."

"असू देत. आणि उतरताना कडी उलटी लावू नका."

संध्याकाळी इथं आलो. आयडाही आली. बटनला शेगडीपुढची जागा दिली. डेलमार गार धिरडी पाकात बुडवून खात सुटला. मी आपला घालतोय, तो आपला खातोय. शेवटी पीठ संपलं तेव्हा थांबला. बोटं चाटली, उठला, शर्ट विजारीतनं बाहेर काढला आणि माझ्याकडं पाठ करून उभा राहिला.

"कापा," म्हणाला.

म्हणलं, "तुझा चांगला शर्ट आहे रे. लोरीननं घेतलेला."

"म्हणूनच म्हणतोय. कापा. तिला सांगायचंय, की हुकला."

आयडानं कात्री दिली. हीच. मी कापलं, जरा तिरकं गेलं. मग त्यानं खिळ्यावरचं धनुष्य काढून कोपऱ्यात नीट उभं केलं. खिळा रिकामा झाला. तिथंच त्यानं ते शेपूट लावलं. ते बघ, लाल-काळ्या चौकड्यांचं, त्या खिळ्याला. वर त्याचं नाव त्याच्याच हातानं लिहिलंय. आम्ही कुणी ते हलवत नाही.

व्हर्नाला फोन केला. म्हणलं, तुझा भाऊ हुकला. ती म्हणाली, "काय खाल्लं त्यानं?" म्हणलं, सगळं. तेव्हा तिनं श्वास सोडला, तो मला फोनमधनं ऐकू आला.

आता तुझं. सकाळी तुझा बाण चिखलात रुतलेला सापडला. तुझ्या सासऱ्यानं स्वतः तो नाकाला लावला, दोनदा, आणि काय म्हणाला आठवतंय? "स्वच्छ आहे." एवढंच म्हणाला आणि तुझ्या पाठीवर थाप मारली. तुला वाटलं, म्हातारा चिडवतोय. नाही रे. त्याच्या तोंडून याच्यापेक्षा मोठी गोष्ट निघत नाही. तुझं ते जनावर आत्ता कुठंतरी पोट भरून बसलंय आणि तुझ्या नावानं कण्हत नाहीये. आज आम्ही सगळे इथं शेगडीजवळ बसून चिली खातोय, हातात कंदील घेऊन झुडपं धुंडाळत फिरत नाही. एवढ्याला एक शर्ट पुष्कळ स्वस्त आहे.

डेलमार, ये बाहेर आता, ती भांडी केव्हाच निघालीत. दिवा जरा इकडं कर, मागच्या वेळी माझं तिरकं गेलं होतं.

हं, जावईबापू. ऊठ. शर्ट बाहेर काढ, पाठ माझ्याकडे कर, आणि कृपा करून हलू नकोस.